मानसोपचाराच्या परिणामकारकतेचा अभ्यास: तुलना कोणाशी करावी?

प्रश्न:
पदव्युत्तर प्रबंधासाठी मी नैराश्यावरील बोधात्मक वर्तनोपचाराचा (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचाराचा) अभ्यास आखत आहे. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडायचे, एकाला उपचार द्यायचे, दुसऱ्याला प्रतीक्षायादीवर ठेवायचे आणि बारा आठवड्यांनी दोघांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, असा आराखडा आहे. प्रतीक्षायादीशी केलेली तुलना पुरेशी नाही, असे मार्गदर्शकांचे म्हणणे आहे. औषधांच्या चाचणीत प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी असते. येथे त्याच्या जागी काय घ्यावे?

प्रतिसाद १:
आक्षेप रास्त आहे. माणसे बहुधा सर्वाधिक खचलेली असतानाच मदत मागतात, त्यामुळे पुढचे मोजमाप उपचारांविनाही थोडे बरे येते. प्रतीक्षायादीमुळे एवढा भाग वजा करता येतो. परंतु दर आठवड्याला कोणीतरी मन लावून ऐकते, याचा परिणाम त्यातून वेगळा निघत नाही. शिवाय पाळीची वाट पाहणारा माणूस स्वतःहून काही करायचे लांबणीवर टाकतो आणि उपचारांचा लाभ फुगून दिसू शकतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या, १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या नैराश्याच्या चाचणीत २५० रुग्ण आणि चार गट होते: दोन प्रकारचे मानसोपचार, इमिप्रामिन हे नैराश्यावरील औषध आणि प्लासिबो. शेवटच्या दोन्ही गटांना डॉक्टरांच्या नियमित, आधार देणाऱ्या भेटीही मिळत होत्या. प्लासिबोचा गटही बराच सुधारला आणि सौम्य नैराश्यात गटांमधला फरक जवळजवळ उरला नाही. तेव्हा तितक्याच सत्रांचे, पण ठरावीक तंत्रे वगळलेले आधारात्मक समुपदेशन हा तिसरा गट घ्यावा.

प्रतिसाद २:
तिसऱ्या गटाला माझा विरोध आहे. प्रबंधाला मिळणारे मोजके रुग्ण तिघांत वाटले, तर खरा फरकही हाती लागणार नाही. त्यापेक्षा प्रतीक्षायादीच वगळावी. मात्र दोन्ही गटांना एकेकच थेरपिस्ट देऊ नये, अन्यथा गुण पद्धतीचा की माणसाचा, हे कधीच कळणार नाही. समुपदेशन करणाऱ्याचाच त्यावर विश्वास नसेल, तर तो गट आधीच हरलेला असतो.

रुग्णापासून उपचार लपवता येत नाहीत. निदान मुलाखत घेऊन हॅमिल्टन मापनश्रेणी (नैराश्याची तीव्रता मोजणारी श्रेणी) भरणाऱ्याला रुग्णाचा गट ठाऊक नसावा. तरीही मुलाखतीत रुग्ण सहज बोलून जातो, ‘मॅडमनी विचारांची वही लिहायला सांगितली आहे’, आणि गुपित फुटते. म्हणून मुलाखतीत उपचारांविषयी बोलू नये, अशी सूचना रुग्णाला आधीच द्यावी.

प्रश्नकर्ती:
दोनच गट ठेवते. मध्येच उपचार सोडणाऱ्यांना विश्लेषणातून वगळावे का?

प्रतिसाद २:
मुळीच नाही. ज्या गटात चिठ्ठी निघाली, त्याच गटात त्यांची गणना व्हावी आणि बाराव्या आठवड्याची प्रश्नावली त्यांच्याकडूनही भरून घ्यावी.