इफिसकरांस २:८-९ आणि याकोब २:२४ एकत्र कसे वाचावेत?

नगरचा वाचक
सर्वांना सप्रेम नमस्कार. वडील गेल्यानंतर त्यांचे पवित्र शास्त्र माझ्याकडे आले. पौलाच्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील आठव्या आणि नवव्या वचनांखाली त्यांनी पेन्सिलीने इतकी दाबून रेघ ओढली आहे, की ती कागदाच्या मागे उमटली आहे. तारण, म्हणजे पापापासून सुटका, कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते, ते देवाचे दान आहे आणि कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून ते कर्मांनी होत नाही, हा त्या वचनांचा आशय आपणांस ठाऊकच आहे. याकोबाच्या पत्रात मात्र, मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे तर क्रियांनी नीतिमान ठरतो, या वाक्याच्या समासात त्यांनी नुसते प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे. आमच्या घरी हा विषय निघाला की येशूबरोबर वधस्तंभावर खिळलेल्या अपराध्याचे उदाहरण देऊन तो मिटवला जाई: ना बाप्तिस्मा, ना दानधर्म, तरीही सुखलोकाचे आश्वासन त्याला मिळालेच. उदाहरण मला मान्य आहे, परंतु त्याने याकोबाला उत्तर मिळत नाही. पौल आणि याकोब परस्परविरुद्ध बोलत आहेत काय?

ग्रीकचा विद्यार्थी
आपण 'कर्मे' आणि 'क्रिया' असे दोन शब्द वापरलेत, ते आपल्या प्रचलित मराठी भाषांतराला धरूनच आहे. मूळ ग्रीकमध्ये मात्र दोन्हीकडे 'एर्गा' हा एकच शब्द आहे. भाषांतरकारांनी शब्द वेगळे ठेवून वाचकाची अडचण थोडी हलकी केली खरी, पण त्यामुळे ती दिसेनाशीही झाली, असे माझे मत आहे. त्यातच 'कर्म' म्हटले की मराठी मनात कर्मफलाचा सगळा विचार जागा होतो, जो पौलाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

पौल कोणाशी वाद घालत होता, हे पाहिले की बरेचसे उलगडते. यहुदी नसलेल्या लोकांनी ख्रिस्तावर विश्वास ठेवल्यावर सुंताही करून घेतली पाहिजे काय, हा गलतीया येथील मंडळ्यांपुढचा रोकडा प्रश्न होता. अंत्युखियात तर विदेश्यांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंक्तीला बसणारा येशूचा शिष्य पेत्र, यरुशलेमेहून यहुदी माणसे येताच पंगतीतून बाजूला झाला आणि पौलाने त्याला सर्वांदेखत जाब विचारला. देवाच्या घरात प्रवेश मिळवण्याची अट म्हणून पुढे केलेली कर्मे पौल नाकारतो. याकोबापुढे मात्र वेगळीच माणसे आहेत: उघड्या, उपाशी भावाला 'सुखाने जा, ऊब घे' असे सांगून हात झाडणारी आणि तरीही स्वतःला विश्वासणारी म्हणवणारी. देव एकच आहे असे भुतेही मानतात आणि थरथर कापतात, हे त्याचे वाक्य अशाच कोरड्या मान्यतेसाठी आहे.

दोघेही यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याचीच साक्ष काढतात, पण पौल जुन्या करारातील उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायातील अब्राहाम घेतो, ज्याने देवाच्या वचनावर विश्वास ठेवला आणि तो त्याच्याकडे नीतिमत्त्व असा गणण्यात आला. याकोब ते वचन उद्धृत करतो खरा, पण २२ व्या अध्यायात आपला मुलगा इसहाक याला बळी देण्यासाठी वेदीवर ठेवणाऱ्या अब्राहामाकडे बोट दाखवून. दोन प्रसंगांमध्ये बरीच वर्षे गेली आहेत. मुळाबद्दल एक बोलतो, फळाबद्दल दुसरा.

वसईकर
वरील विवेचन आवडले, परंतु एका गैरसमजाकडे लक्ष वेधावेसे वाटते. कॅथलिक लोक कर्मांनी तारण विकत घेऊ पाहतात, असे अनेकदा लिहिले जाते. १५१७ मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध आवाज उठवला तेव्हा त्याला संतापण्यासारखे कारण होते, हे मी कॅथलिक असूनही मान्य करतो. पण कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेच्या १५४७ च्या निर्णयातील पहिलाच नियम, ख्रिस्ताच्या कृपेवाचून मनुष्य स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरू शकतो असे म्हणणाऱ्याचा धिक्कार करतो.

खरा मतभेद माझ्या मते 'ठरणे' या क्रियापदात आहे. ल्यूथरच्या मांडणीत ते न्यायालयातील निकालासारखे आहे: आरोपी अजून पापीच आहे, पण ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वामुळे तो निर्दोष ठरवला जातो. आमच्या शिकवणुकीत देव मनुष्याला नीतिमान ठरवतो तेव्हा तो त्याला आतून तसा घडवतोही, आणि त्या घडण्यात कृपेनेच समर्थ झालेल्या मनुष्याचा सहभाग असतो. ल्यूथरने १५२२ च्या जर्मन भाषांतरात मनुष्य विश्वासाने नीतिमान ठरतो, या पौलाच्या रोमकरांस ३:२८ मधील वचनात 'केवळ' हा शब्द घातला, जो ग्रीक वचनात नाही. 'केवळ विश्वासाने' हे शब्द नव्या करारात जिथे एकत्र येतात ते ठिकाण याकोबाचे, आणि तिथे त्यांच्या पुढे 'नव्हे' आहे. तरीही ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे ल्यूथरच्या परंपरेतील मंडळ्यांचा लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी या विषयावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, आणि २००६ मध्ये मेथडिस्ट हा प्रॉटेस्टंट पंथही त्यात सामील झाला. सगळे मिटलेले नाही, पण एकमेकांना शाप देण्याचे दिवस सरले.

निवृत्त लेखापाल
माझे आयुष्य कर्जखात्यात गेले, त्यामुळे 'तारण' म्हटले की मला आधी कर्जदाराने गहाण ठेवलेले दागिने आठवतात. तिथे काही ठेवल्याशिवाय काही मिळत नाही. इथे नेमके उलटे. येशूच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील शेवटचा तासभर राबलेल्या मजुरांना पूर्ण दिवसाची मजुरी मिळते, तेव्हा सकाळपासून उन्हात तापलेल्यांची कुरकुर मला आजही रास्त वाटते, हे कबूल करतो.

नगरचा वाचक
सर्वांचे आभार. एक शंका उरते. विश्वास ठेवणे हेही माझेच कृत्य झाले, तर ते एक प्रकारचे कर्मच नव्हे काय?

ग्रीकचा विद्यार्थी
इफिसकरांसच्या त्याच आठव्या वचनातील 'हे तुमच्या हातून झाले असे नाही' यातील 'हे' ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी आहे, आणि 'विश्वास' व 'कृपा' हे दोन्ही शब्द स्त्रीलिंगी. म्हणून 'हे' एकट्या विश्वासाकडे न जाता तारणाच्या संपूर्ण घटनेकडे जाते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यात विश्वासही आला. बुडणाऱ्याने दोर धरला म्हणून तो दोर त्याने वळला असे कोणी म्हणत नाही. मात्र लगेच पुढचे, दहावे वचनही वाचावे: आपण देवाची हस्तकृती आहोत आणि सत्कृत्ये करण्यासाठीच निर्माण केलेले आहोत. पौल कर्मांना हद्दपार करत नाही, फक्त त्यांची जागा बदलतो. आपल्या वडिलांची रेघ तिथपर्यंत पोहोचते काय?

नगरचा वाचक
नाही. आत्ताच पाहिले. रेघ नवव्या वचनाच्या पूर्णविरामापाशी, पानाच्या अगदी तळाशी संपते. दहावे वचन पान उलटल्यावर सुरू होते.