मदत हवी आहे: सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांपैकी कुणाला पैसे द्यावेत?

नमस्कार मंडळी,

सांगलीत माझं डीटीपीचं छोटं काम आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळीआधी दोन-तीन अंकांची जुळणी. गेली सहा वर्षं सगळं उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर करते: चित्रांसाठी इंकस्केप, पानं लावायला स्क्रायबस, मजकुरासाठी लिबरऑफिस. पत्रिकांना बहुतेक वेळा मुंबईच्या 'एक टाइप'चा मुक्त फाँट 'मुक्ता' वापरते. यातल्या कशालाच मी आजवर एक रुपया मोजलेला नाही. ज्यावर घर चालतं त्याचं काहीतरी देणं लागते, म्हणून यंदापासून वर्षाला १२,००० रुपये बाजूला काढायचं ठरवलं आहे. कुणाला द्यायचे, इथे अडले आहे.

एकदा हात पोळले आहेत. बिलांच्या एका ॲपचं 'आजन्म' लायसन्स घेतलं होतं. दोन वर्षांत कंपनी विकली गेली, नव्या मालकांनी वर्गणी सुरू केली आणि माझी जुनी बिलं आतच अडकली. त्यामुळे ज्याच्या फायली उद्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येतील त्यालाच पैसे, एवढं पक्कं आहे.

नाव बघून देण्यातही गफलत होते. फायरफॉक्ससाठी म्हणून मोझिला फाउंडेशनला देणगी देणार होते. मग कळलं की फायरफॉक्स बनवते मोझिला कॉर्पोरेशन, तिची कमाई मुख्यतः गूगलशी असलेल्या सर्चच्या करारातून होते, आणि फाउंडेशनची देणगी त्या कामाला जात नाही. त्यांचं ईमेलचं सॉफ्टवेअर थंडरबर्ड मात्र खरोखर वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर चालतं. हा फरक सहज दिसत नाही.

सगळ्यात जास्त विचार करते आहे तो हार्फबझचा. 'क्ष', 'ज्ञ', 'र्‍य' ही जोडाक्षरं पडद्यावर नीट जुळतात ती या लायब्ररीमुळे, म्हणजे इतर सॉफ्टवेअर आतून वापरतात अशा तयार कोडमुळे. फाँटमधला कुठला आकार कुठल्या अक्षरापुढे बसवायचा हे ती ठरवते. लिबरऑफिस, फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड सगळीकडे ती आहे, आणि माझ्या एकाही गिऱ्हाइकाने तिचं नाव ऐकलेलं नाही. अशा न दिसणाऱ्या कामाकडे दुर्लक्ष झालं की काय होतं ते मार्च २०२४मध्ये दिसलं. एक्सझेड हे फायली आवळण्याचं साधन बरीच वर्षं जवळजवळ एकच माणूस बिनपगारी सांभाळत होता. मदतीच्या मिषाने कुणीतरी त्याचा विश्वास मिळवला आणि त्यात चोरवाट घातली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खोदत बसलेल्या आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरमुळे ती सापडली.

म्हणून माझा कल असा: निम्मे इंकस्केप आणि लिबरऑफिसला, बाकीचे अशा आतल्या कामांना. आता विचारते.

हार्फबझसारख्या लायब्ररीवर काम करणाऱ्यांपर्यंत पैसे पोचवायचा मार्ग कुणी वापरला आहे का? दोन-दोन हजार सहा जणांना द्यावेत, की सगळे एकालाच? माझा भाऊ म्हणतो एकालाच, म्हणजे हिशेब बघता येतो. परदेशी संस्थेला कार्डावरून दरमहा कापून जायची सोय माझ्याकडे दोनदा फसली, वर्षातून एकदाच पाठवणारे कसे पाठवतात? परदेशी संस्थेच्या देणगीवर ८०जीची आयकर सवलत मिळत नाही हे माहीत आहे, त्याची अपेक्षाही नाही.

आणि मराठी फाँटवर, कीबोर्डवर एकट्याने काम करणारं कुणी तुमच्या माहितीत असेल तर त्या कामाचं नाव जरूर सुचवा. त्यांना आधी देईन.