भरपगारी रजा: कागदावर किती, हातात किती?

गणपती महिन्यावर आलेत आणि आमच्या ऑफिसात ‘आधी कुणाचा अर्ज’ ही धुसफूस सुरू झालीय, म्हणून हा धागा. भरपगारी रजा किती, त्यातल्या घेऊ किती देतात, उरलेल्यांचं काय होतं, ते लिहा. कंपनीचं नाव नको. ‘आमच्याकडे अनलिमिटेड’ म्हणणाऱ्यांनी मागची रजा कधी घेतली तेही सांगावं.

सुरुवात मीच करते. ठाणे, खाजगी कार्यालय. महाराष्ट्राचा २०१७चा दुकाने व आस्थापना कायदा लागू. ८ किरकोळ रजा. शिवाय वर्षात २४० दिवस काम भरलं की दर २० दिवसांमागे एक हक्काची, ४५पर्यंत साठणारी. एचआरने आपणहून यातलं काही सांगितलं नव्हतं.

चाकण, कंत्राटी
२४० दिवस भरले की, इथंच तर मेख आहे ताई. कारखान्यांच्या कायद्यातबी २०२५पर्यंत हाच आकडा होता. आम्हाला सात महिने झाले की ब्रेक. महिनाभर घरी बसायचं, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावानं नवा गेटपास, मशीन तेच. मस्टरवर मी कायम नवीनच. खाडा झाला की पगार कापला. लग्न ठरलं तेव्हा तारीख ब्रेकमध्येच धरायला लावली, भटजींनी मुहूर्त काढून दिला.

सातारा, राज्य सरकारी
अर्जित ३० (१ जानेवारी आणि १ जुलैला पंधरा-पंधरा जमा), अर्धवेतनी २०, किरकोळ ८. अर्जित ३००पर्यंत साठते आणि निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे मिळतात. त्यामुळे लोक तिला मुदत ठेवीसारखं जपतात. आमच्या एका साहेबांनी मुलीचं लग्नसुद्धा किरकोळ रजेत उरकलं, अर्जितला हात लावला नाही. मिळते म्हणून घ्यायची, असं इथे फार कुणाला वाटत नाही.

नाशिक, बँक
आमच्याकडे उलटा प्रकार. नाजूक जागेवर असाल तर वर्षातून एकदा किमान १० कामाचे दिवस सलग रजेवर पाठवतात, तेही आधी न सांगता. रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. त्या काळात ईमेल सोडून कामाच्या कशालाही हात लावायचा नाही. काही लपवाछपवी असेल तर माणूस खुर्चीवर नसताना ती उघडी पडते, हा हेतू. पण अशी अचानक रजा मिळाल्यावर रेल्वेचं तिकीट कुठलं मिळायला? माळा साफ झाला, एवढंच.

श्टुटगार्ट, जर्मनी
पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान २०, आमच्या कंपनीत ३०. जानेवारीतच मॅनेजर विचारतो, ‘तुझ्या तारखा कुठे आहेत?’ रत्नागिरीला माहेरी आले आणि डेंग्यूने आडवी झाले. डॉक्टरांचं प्रमाणपत्र दिलं, तेवढे दिवस रजेच्या खात्यात परत जमा. आईला अजून खरं वाटत नाही.

न्यू जर्सी, आयटी
इथल्या केंद्रीय कायद्यात भरपगारी सुट्टीचा एक दिवसही नाही. सगळं कंपनीच्या मर्जीवर. मला वर्षाला तीन आठवडे, आजारपणही त्यातच. म्हणजे भारतवारी ठरलेली असेल तर ताप आला तरी लॉगिन करायचं. आधीच्या कंपनीत ‘अनलिमिटेड’ होतं. तिथे नोकरी सोडताना शिल्लक रजेचे पैसे मागायची सोयच नव्हती, कारण शिल्लक नावाची गोष्टच नव्हती.

दुबई
वर्ष भरलं की ३०. पण कॅलेंडरचे, मधले शनिवार-रविवार धरून.

पुणे
नोकरी माझी नाही, आईची. चार घरी पोळ्या करते. तीन घरी महिन्याला दोन खाडे माफ आहेत. चौथ्या घरी कापतात, आणि स्वतः महिनाभर गावाला गेले की त्या महिन्याचाही पगार देत नाहीत. आमच्या आईला कुठला कायदा लागू होतो, ते इथल्या जाणकारांनी सांगावं.

पिंपरी, कायम कामगार
चाकणच्या दादांना: ठेकेदार बदलला तरी पीएफचा यूएएन, म्हणजे खात्याचा कायमचा नंबर, एकच राहतो. कोणी कोणत्या महिन्यात भरणा केला ते पासबुकात दिसतं. ते उतरवून ठेवा, गेटपासही जपा. कामगार कार्यालयात तोंडी सांगून भागत नाही.

चाकण, कंत्राटी
गेटपास ब्रेक देतानाच काढून घेतात. या वेळी फोटो मारून ठेवतो.