घोडा जखडला की एच-प्यादे ढकलायचेच का?

अडीच घरे: ‘बुद्धिबळात उंटाने घोड्याला पिन केले (म्हणजे तो हलला तर मागचे मोहरे मारले जाईल असे जखडले) की एच-प्यादे (पटाच्या राजाकडील कडेच्या, एच या उभ्या पट्टीतले) एक घर सरकवावे, अधिक विचार करू नये,’ हा तिरकस यांचा सल्ला वाचून राहवले नाही. घोड्यामागे राजा आहे की वजीर, याचा त्यात उल्लेखही नाही. मागे वजीर असेल तर घोडा हलू शकतो. ‘लेगालची मात’ या सापळ्यात एफ३ वरचा पांढरा घोडा ई५ वरचे प्यादे मारतो, काळा हावरेपणाने जी४ वरच्या उंटाने वजीर घेतो आणि पांढऱ्या उंटाने एफ७ वर शह दिल्यावर डी५ वर येणारा दुसरा घोडा डाव संपवतो.

तिरकस: सी६ वर काळा घोडा असला तर आपली ही मात कोठे जाते, तेही सांगावे. तो ई५ वरचा घोडा मारतो आणि जी४ वरच्या उंटाला जोरही (संरक्षण) देतो. मात्र आधी एच३ खेळून (एच-प्यादे त्या घरात सरकवून) त्या उंटाला एच५ वर हुसकावले असेल, तर तो बिनजोर उरतो आणि आपला वजीर त्याला उचलतो. काळ्या घोड्याने सी४ वरचा उंट घेतला, तरी बी५ वरच्या शहाने तो घोडाही मिळतो. ही एका प्याद्याची कमाई आपण टिंगल केलेल्या खेळीचीच आहे.

अडीच घरे: तेवढे मान्य, त्या एका स्थितीपुरते. रुय लोपेझ या सुरुवातीच्या एक्स्चेंज प्रकारात पांढऱ्याच्या किल्लेकोटानंतर (राजा व हत्ती यांच्या एकत्र खेळीनंतर) जी४ वरच्या उंटाला एच३ने डिवचले, तर काळा एच५ खेळून उंट तेथेच ठेवतो. तो मारला की काळ्या हत्तीची वाट मोकळी होते, वजीर एच४ वर येतो आणि पांढऱ्या राजाचे काही खरे नसते.

तिरकस: उंट मारा, असे मी कधी म्हटले?

किल्लेकोट: आपण दोघे एच-प्याद्यावर भांडत असताना खरा गुन्हेगार, म्हणजे जी-प्यादे, नामानिराळा राहतो आहे. जखडणारा पांढरा उंट एच४ वर गेला की काळ्याने जी५ खेळलेच पाहिजे, असे शिकवणाऱ्या प्रशिक्षकांचा मला मनस्वी संताप येतो. एका स्पर्धेत माझ्या प्रतिस्पर्ध्याने किल्लेकोट झालेला असताना हेच केले. मी जी५ वर घोड्याचा बळी दिला, त्याने तो एच-प्याद्याने घेतला, माझ्या उंटाने ते प्यादेही टिपून त्याचा घोडा पुन्हा जखडला आणि राजासमोर केवळ एफ-प्यादे उरले.

तिरकस: एका डावावरून सिद्धान्त मांडू नये. किल्लेकोट झालेला नसेल तर हीच जी५ अनेकदा उत्तम ठरते, कारण त्या बाजूला हल्ला करायला राजाच नसतो.

किल्लेकोट: मग ‘अधिक विचार करू नये’ हे वाक्य मागे घ्यावे.

तिरकस: ‘थोडा विचार करावा’ असे वाचावे. झाले समाधान?

अडीच घरे: नाही. काळ्याने मुकाट्याने उंट ई७ वर आणला तरी पिन सुटते. पण एवढी साधी खेळी आपल्यासारख्यांच्या शानेला शोभत नसावी.

तिरकस: सी५ वर गेलेला उंट माघारी आणायचा म्हणजे एक खेळी फुकट. ती आपल्याला लखलाभ असो.