तोटा नेमका कोणाच्या वहीत?
'बेस्ट तोट्यात आहे, मग बस चालवायच्या कशाला?' असं मुंबईच्या बेस्ट बससेवेबद्दल कुणीतरी लिहिलेलं वाचलं. अहो, उड्डाणपूल कधी नफ्यात असतात का? जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ८ वरून ५ रुपये झालं, तेव्हा आमच्या पोळ्यांच्या मावशींनी तीन किलोमीटरवरचं आणखी एक घर धरलं. ही कमाई बेस्टच्या ताळेबंदात कुठे दिसणार? मे २०२५ मध्ये किमान भाडं १० रुपये झालं. आता मावशी येताना बस धरतात, जाताना चालत. 'भाजी घेत घेत जाते हो,' म्हणतात. बाकी, एका बसमधली पन्नासेक माणसं पन्नास गाड्यांत बसवून एस. व्ही. रोडवर सोडा आणि बघा काय होतं ते!