वालाच्या वेलावर काळे किडे, मुंग्या आणि चिकट पानं. काय करू?

बाल्कनीवाली_ठाणे: कुंडीत वालपापडी लावली आहे, नुकत्या शेंगा धरू लागल्यात. मध्ये हवा ढगाळ होती, तेव्हापासून शेंड्यांवर आणि शेंगांच्या देठांवर बारीक काळे किडे गच्च बसलेत. खालची पानं चिकट झालीत, त्यांवर पांढरं भुसकट दिसतं. मुंग्यांची ये-जा तर थांबतच नाही. मुळाशी मुंग्यांची पावडर टाकू का? आणि सुसरीसारखा दिसणारा, अंगावर नारिंगी ठिपके असलेला एक काळा किडा पानांवर फिरतोय. तो मारायलाच हवा ना? दुकानातून कीटकनाशक आणून ठेवलंय, पण शेंगा घरात खायच्या आहेत.

बांधावरची: ताई, ती बाटली फोडूच नका, आणि त्या सुसरीला तर अजिबात हात लावू नका! ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची, अळी आहे. मोठी होईपर्यंत शेकड्यांनी मावा, म्हणजे तुमचे ते बारीक काळे किडे, फस्त करते. औषध मारलंत तर आधी ती मरेल. मावा मात्र पुन्हा येईल, कारण त्याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लं देतात आणि उबदार हवेत ती पिल्लं आठ-दहा दिवसांत स्वतः व्यायला लागतात.

तुमच्याकडे मावाच आहे. भिंग असेल तर पाहा, पोटाच्या मागच्या टोकाला दोन बारीक नळ्या दिसतील. पांढरं भुसकट म्हणजे त्यांनी टाकलेली कात. चिकटपणा त्यांच्याच गोड विष्ठेचा, आमच्याकडे त्याला चिकटा म्हणतात. तो तसाच राहिला की पानांवर काळी बुरशी चढते. मुंग्या त्या गोडासाठी येतात आणि बदल्यात ढालकिड्यांना हुसकावतात. म्हणून मुंग्या अडवायच्याच, पण खायच्या वेलाच्या मुळाशी पावडर नको. वेल ज्या काठीवर चढवलाय तिला व्हॅसलिनचा रुंद पट्टा ओढा. वेल भिंतीला किंवा ग्रीलला टेकला असेल तर तिथून सोडवा, नाहीतर मुंग्या दुसरी वाट काढतात.

सकाळी शेंडा तळहातावर धरून पाण्याची जोरात धार मारा. पडलेला मावा सहसा परत चढत नाही. ढालकिड्याच्या अळ्या आधी अलगद दुसऱ्या पानावर ठेवा. फार भरलेले शेंडे खुडूनच टाका. एवढ्यावर भागलं नाही तरच १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १ मिली पातळ साबण घुसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. आधी एका फांदीवर मारून दिवसभर वाट पाहा, कोवळी पानं करपू शकतात. आठवड्याने पुन्हा एकदा. आणि युरिया वगैरे देत असाल तर सध्या बंद, लुसलुशीत पालवीवर मावा तुटून पडतो.

कुंडीतली_जास्वंद: माझ्या जास्वंदीवर पांढरा कापूस आहे. हाही मावाच का?

बांधावरची: कापसासारखा असेल तर बहुधा पिठ्या ढेकूण. त्याच्या अंगावर मेण असतं, नुसती धार पुरत नाही. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या ब्रशने घासून काढा, पानांच्या बेचक्यांत जास्त बघा.

बाल्कनीवाली_ठाणे: धार मारली, बराच मावा गेला. पण काही पानांवर फुगलेले, तपकिरी, न हलणारे मावे चिकटून आहेत. तेही खुडू?

बांधावरची: राहू द्या! त्यांच्या पोटात बारीक गांधीलमाशीची अळी वाढते आहे. गोल भोक दिसलं की समजा, माशी बाहेर पडून पुढच्या माव्याच्या मागे लागली. ती पानं असेपर्यंत कडुनिंबही फवारू नका. शेंगा मात्र धुऊन खुशाल खा.