ठाण्यात मांजरांचा नो-किल निवारा : किती मांजरे घ्यावीत?

प्रश्न : कासारवडवलीची रहिवासी

नमस्कार. घोडबंदर रस्त्यालगत कासारवडवली येथे भाड्याच्या एका गाळ्यात मी तीन वर्षांपासून निराधार मांजरे सांभाळत आहे. पाय मोडलेल्या एका भाटीपासून सुरुवात झाली आणि आज गाळ्यात २७ मांजरे आहेत. जागा नाही म्हणून कोणालाही मारायचे नाही आणि ज्याला घर मिळणार नाही त्याला शेवटपर्यंत सांभाळायचे, हे मी पहिल्या दिवशीच ठरवले होते. गेल्या मंगळवारी सकाळी शटरपाशी आंब्याची पेटी ठेवलेली आढळली. वर ओढणी बांधलेली होती आणि आत पाच पिल्ले होती. डोळे मिटलेले, दोघांची नाळही अजून सुकलेली नव्हती. मी ती आत घेतली, पण त्याच रात्री मला प्रथमच भीती वाटली की हे आता माझ्या हातात राहिलेले नाही.

हे काम संस्था म्हणून नीट उभे करायचे आहे. येऊरच्या पायथ्याशी एक मोकळी जागा मिळते आहे. तेथे जावे की गाळ्यातच राहावे? मांजरांची संख्या कशावरून ठरवावी? आणि असाध्य आजाराने तडफडणाऱ्या मांजराला डॉक्टरांनी दयामरण दिले, तर त्या निवाऱ्याला 'नो-किल', म्हणजे जागेअभावी कोणालाही न मारणारा, असे म्हणता येते का?

उत्तर : घणसोली गावठाण

ताई, मी घणसोलीत बारा वर्षे असा निवारा चालवत आहे. संख्या मनाने ठरवू नका, मोजपट्टीने आणि घड्याळाने ठरवा. मोठी मांजरे एकत्र ठेवायची असतील तर प्रत्येकी किमान १८ चौरस फूट जमीन हवी, असे अमेरिकेतील निवारा-पशुवैद्यांची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. साफसफाई आणि खाणेपिणे यांसाठी दर मांजरामागे रोज निदान १५ मिनिटे धरावीत, असाही तिकडचा जुना हिशेब आहे. म्हणजे तुमच्या २७ मांजरांना रोज पावणेसात तास लागतात, आणि त्यात औषधे, दवाखान्याच्या फेऱ्या, दत्तक घेणाऱ्यांशी बोलणे यांतले काहीच आलेले नाही. एवढे तास देणारी माणसे तुमच्याकडे आहेत का, हे प्रथम पाहा.

दुसरा हिशेब मुक्कामाचा आहे. महिन्याला १० मांजरे आत येत असतील आणि प्रत्येकाला घर मिळेपर्यंत तीन महिने लागत असतील, तर निवाऱ्यात कायम ३० मांजरे राहतील. तोच मुक्काम सहा महिन्यांवर गेला की एकही जास्तीचे मांजर न घेता ती संख्या ६० होते. म्हणून घर शोधण्याचे काम रेंगाळले की निवारा भरतो, आणि निवारा भरला की आजार शिरतो.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. एका पावसाळ्यात, जागा पूर्ण भरलेली असताना, तुर्भ्याच्या बाजारातून आणलेले एक पिल्लू मी वेगळे न ठेवता सरळ इतरांत सोडले, कारण वेगळी खोली मीच तीन मांजरांना देऊन टाकली होती. चौथ्या दिवशी ते पिल्लू पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसले. तोंड पाण्यापासून दोन बोटांवर होते, पण ते पीत नव्हते. तो पॅनल्युकोपेनिया होता, मांजरांत झपाट्याने पसरणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार. पुढच्या दहा दिवसांत मी नऊ मांजरे पुरली. त्यांतली सहा माझ्याकडे वर्षभराहून अधिक काळ सुखात होती, आणि लसीचे वार्षिक डोस मी खर्चामुळे पुढे ढकलले होते. कोणालाही न मारण्याचे तत्त्व मी पाळत होतो, तरी ती मांजरे माझ्या निर्णयामुळे गेली. तेव्हापासून १४ दिवसांच्या विलगीकरणाची खोली रिकामी नसेल तर मी नवे मांजर घेत नाही, मग दारात कोणीही उभे असो.

उत्तर : पशुवैद्य, नेरुळ

वरील अनुभवाला थोडी वैद्यकीय जोड देतो. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू जमिनीत, कपड्यांत, खोक्यांत वर्षभर तग धरू शकतो आणि साध्या साबणाने किंवा स्पिरिटने मरत नाही. आधी जागा धुऊन घ्यावी, मग घरगुती ब्लीचचा एक भाग ३२ भाग पाण्यात मिसळून तो द्राव दहा मिनिटे जमिनीवर राहू द्यावा. फिनेल मात्र निवाऱ्यात आणूच नये. मांजराच्या यकृताला फिनॉल पचवता येत नाही आणि ते पंजे चाटत असल्याने ते विष थेट पोटात जाते. याच कारणाने पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. ताप आला म्हणून घरातली गोळी देणारे लोक मी दर महिन्याला पाहतो. पिल्लांची त्रिगुणी लस (पॅनल्युकोपेनिया आणि मांजरांच्या सर्दीचे दोन विषाणू यांवरची) सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून, दर तीन-चार आठवड्यांनी, किमान १६ आठवड्यांचे होईपर्यंत द्यावी. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर द्यावी, आणि पकडण्याचे काम करणाऱ्या माणसांनी स्वतःही रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस घ्यावी.

पेटीतल्या पाच पिल्लांना गाईचे दूध देऊ नका. मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, तीच दर दोन-तीन तासांनी द्या. दूध देण्यापूर्वी पिल्लू हाताला कोमट लागले पाहिजे, कारण गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. प्रत्येक वेळी ओल्या कापसाने खालची बाजू हळूच पुसा. आई चाटते तेव्हाच त्यांना लघवी होते, आणि ते काम आता तुमचे आहे. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. रोज १० ते १५ ग्रॅम वाढले नाही तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दयामरणाविषयी स्पष्ट लिहितो. अमेरिकेत निवाऱ्यात आलेल्या प्राण्यांपैकी ९० टक्के वाचले तर त्याला नो-किल म्हणण्याचा प्रघात आहे. उरलेला वाटा ज्यांची वेदना थांबवण्याचा दुसरा मार्ग उरलेला नाही, अशांसाठीच धरलेला असतो. आपल्याकडचा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही असह्य वेदनेतून प्राण्याला सोडवण्याची तरतूद करतो. कणा मोडलेले, श्वासासाठी धडपडणारे मांजर तुमच्या शब्दाखातर आणखी चार दिवस ठेवणे मला मान्य नाही. निर्णय पशुवैद्याने लेखी द्यावा आणि त्या क्षणी ओळखीचा हात त्याच्या अंगावर असावा.

उत्तर : येऊरचा पायवाटकर

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीला लागून आहे आणि येथे बिबट्या वस्तीच्या कडेपर्यंत येतो. उघड्या आवारात मांजरे ठेवली तर तुम्ही त्याला बोलावल्यासारखे होईल. छतासह चारही बाजूंनी जाळी आणि रात्री पक्की बंद खोली एवढा खर्च करता येणार नसेल, तर गाळ्यातच राहा.

कासारवडवलीची रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. मी काल गाळा मोजला. विलगीकरणाचा कोपरा आणि ओटा सोडून २८८ चौरस फूट उरतात, म्हणजे १६ मांजरे. हा आकडा वहीत लिहिताना हात जड झाला. पण मी घेतले नाही तर ते मांजर घोडबंदर रस्त्यावर ट्रकखाली जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मग नकार कोणत्या तोंडाने द्यायचा?

घणसोली गावठाण

ताई, नुसता नकार देऊ नका, नकारासोबत काहीतरी हातात द्या. मी पेटी घेऊन आलेल्या माणसाला पिल्लांचे दूध, बाटली आणि आठ आठवड्यांनंतरच्या लसीची तारीख देतो, आणि घर शोधायला मदत करण्याचे वचन देतो. दहांतले तीन-चार जण पिल्ले परत घेऊन जातात आणि नीट वाढवतात.

खरे काम मात्र पेटी जेथून येते तेथे आहे. भाटी चार-पाच महिन्यांची होताच गाभण राहू शकते, ६३ ते ६५ दिवसांत विते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. धडधाकट, रस्त्याला सरावलेल्या मांजराला निवाऱ्याची गरज नसते. त्याचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करून, कानाचे टोक खुणेसाठी कापून, त्याला त्याच्याच गल्लीत सोडावे. दिवाळे कोळीवाड्यात मासळी विकणाऱ्या एका मावशी वीस-बावीस मांजरांना रोज खायला घालतात. आम्ही त्यांच्या मदतीने एकेक करून सगळ्या भाट्यांची शस्त्रक्रिया करून घेतली. गेल्या दोन पावसाळ्यांत तेथून माझ्याकडे एकही पेटी आलेली नाही. तुमच्या २७ मांजरांपैकी किती अशी परत जाऊ शकतात, ते एकदा पाहा; मात्र ज्या जागेवरून आणले त्याच जागी, आणि तेथे खायला घालणारे कोणी असेल तरच.

उत्तर : नौपाड्यातील लेखापाल

संस्थेपुरते थोडक्यात : महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात न्यास नोंदवा, त्यानंतर न्यासाला प्राप्तिकरातून सूट आणि देणगीदारांना करसवलत मिळावी यासाठी प्राप्तिकर खात्याकडे अर्ज करा. देणगी आजपासूनच वेगळ्या बँक खात्यात घ्या. प्रत्येक मांजराची आवक, लस, दत्तक किंवा मृत्यू नोंदवहीत तारखेसह लिहा. पुढे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता मागताना हीच वही उपयोगी पडेल. कोंडून ठेवलेल्या प्राण्याला पुरेशी हालचाल करता येत नसेल, तर १९६० च्या त्याच कायद्याचे कलम ११ तुमच्यावरही लागू होऊ शकते, हे ध्यानात ठेवा.

कासारवडवलीची रहिवासी

सात मांजरे अशी आहेत, जी मासळी बाजाराच्या मागून आणली होती आणि आजही माणसाला हात लावू देत नाहीत. त्यांना खायला घालणारे काका अजून तेथेच बसतात. आज त्यांच्याशी बोलून आले. पाच पिल्लांपैकी दोन गेली. उरलेल्या तिघांत सर्वांत लहान पिल्लू आज १४२ ग्रॅम भरले, काल १२९ होते. बाजारामागे अजून तीन भाट्या उरल्या आहेत. आपल्याकडे सापळा पिंजरा मिळू शकेल का?

घणसोली गावठाण

दोन आहेत, शुक्रवारी सायंकाळी घेऊन जा. काकांना सांगा की त्या संध्याकाळी खायला घालू नये, नाहीतर मांजर पिंजऱ्यात शिरत नाही. आत भाजलेल्या बोंबलाचा तुकडा ठेवा आणि दार पडताच पिंजऱ्यावर जाड चादर टाका. अंधार झाला की ती धडपड थांबवतात. दूध पाजणारी भाटी सापडली तर तिला त्या दिवशी सोडून द्या आणि आधी तिची पिल्ले कोठे आहेत ते शोधा.